पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही: कण्यातल्या ड्युरल फिस्टुलाचं एक प्रकरण

तासगाव तालुक्यातल्या एका गावात मी बावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. कण्यातल्या ड्युरल फिस्टुलाचं, म्हणजे धमनी आणि शीर यांच्या चुकीच्या थेट जोडाचं, हे प्रकरण माझ्या रुग्णाचं आहे आणि त्यातले पहिले सहा महिने माझ्या हातून वाया गेले, म्हणून ते मीच लिहावं असं ठरवलं. रुग्णाने आणि घरच्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून वय आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, तपासण्या आणि निर्णय मात्र घडले तसेच आहेत. रुग्णालयांची आणि डॉक्टरांची नावं दिलेली नाहीत.

रुग्णाला गावात सगळे आप्पा म्हणतात. मीही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

आप्पा ५९ वर्षांचे. अडीच एकर द्राक्षबाग, माल बहुतेक बेदाण्याला जातो. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, तो गोळ्यांवर बऱ्यापैकी ताब्यात. तंबाखू, बिडी काही नाही. थोरला मुलगा बाग बघतो, मुलगी पुण्यात दिली आहे. आप्पांचा सगळा दिवस मांडवाखाली चालण्यात जायचा. छाटणी असो, विरळणी असो, मजुरांच्या पुढे स्वतः.

ऑक्टोबर छाटणी संपत आली होती तेव्हा ते पहिल्यांदा या तक्रारीसाठी आले. म्हणाले, "डॉक्टर, पायातली चप्पल कवा निसटती कळंना. दोन ओळी पुढं गेल्यावर बघतो तर पाय अनवाणी." दोन्ही तळपायांना मुंग्या येत होत्या. विहिरीपासून बागेच्या टोकापर्यंत चालत गेलं की पोटऱ्या भरून यायच्या. बांधावर दहा मिनिटं बसलं की पाय पुन्हा हलके. दुखत मात्र काही नव्हतं.

मधुमेही माणूस, तळपायाला मुंग्या, चप्पल निसटते. मी कापसाने स्पर्श तपासला, पायातल्या नाड्या पाहिल्या, मधुमेहामुळे नसांवर झालेला परिणाम असं निदान केलं, बी-१२ आणि नसांची गोळी लिहून दिली. पुढची सगळी गडबड या एका कागदापासून सुरू झाली. मधुमेहाच्या नसांच्या त्रासात बसल्यावर दहा मिनिटांत पाय मोकळे होत नाहीत. आप्पांनी ती गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी ती ऐकली, पण पकडली नाही.

तीन लेबलं

डिसेंबरात गुडघे अचानक लटके पडायला लागले. एकदा फवारणीच्या ट्रॅक्टरवरून उतरताना आप्पा खाली बसले ते उठेनात. मुलगा त्यांना सांगलीला घेऊन गेला. कमरेचा एमआरआय झाला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली, नसांची जागा थोडी अरुंद. चाललं की पाय भरतात, बसलं की बरं वाटतं, हे कंबरेतल्या अरुंद जागेच्या दुखण्यातही होतं. त्यामुळे चित्र जुळल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की त्या दुखण्यात पाय बहुधा दुखतात, आणि आप्पांचे पाय दुखत नव्हते, फक्त जात होते. साठीच्या कोणत्याही शेतकऱ्याची कंबर एमआरआयच्या मशीनमध्ये घातली तर एखादी गादी सरकलेली पुष्कळदा सापडते. ती सापडली म्हणजे तीच गुन्हेगार, असं होत नाही.

ऑपरेशन टाळावं म्हणून कण्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्यात आलं. त्या रात्रीपासून आप्पांना उभं राहता येईना. चार-पाच दिवसांनी पाय हळूहळू सावरले, पण आधीच्या जागी आले नाहीत. "इंजेक्शननंतर थोडं होतं असं," हे वाक्य तिथेही ऐकलं आणि माझ्या दवाखान्यात मीही तेच म्हणालो.

मार्चमध्ये माल उतरून शेडवर पडला होता तेव्हा लघवीचा त्रास सुरू झाला. बराच वेळ उभं राहावं लागायचं, धार नाही, झाल्यासारखं वाटायचं नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी मोठी आणि लघवी केल्यावरही मूत्राशयात १८० मिलिलिटर शिल्लक. प्रोस्टेटची गोळी सुरू झाली. बद्धकोष्ठता होती, तिला चूर्ण.

पाच महिन्यांत एका माणसाला तीन आजारांची नावं मिळाली: पाय मधुमेहाचे, कंबर गादीची, लघवी प्रोस्टेटची. तिन्ही निदानं सुटी सुटी पाहिली तर पटण्यासारखी होती. पण पाय, आतडं आणि मूत्राशय या तिन्हींचा ताबा जिथून चालतो ती जागा एकच आहे, मज्जारज्जूचं खालचं टोक. तीन कागद एकत्र ठेवून कोणी वाचले नाहीत. ते माझं काम होतं, कारण तिन्ही कागद फिरून माझ्याच टेबलावर येत होते.

निदान फिरलं ते एका किल्लीमुळे

एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या दिवसांत, आप्पांना दोघांनी धरून दवाखान्यात आणलं. या वेळी मी त्यांना पायजमा काढून टेबलावर झोपवलं, जे ऑक्टोबरातच करायला हवं होतं. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. घोट्याचा प्रतिसाद नव्हता. तळपायावर स्कूटरची किल्ली टाचेपासून करंगळीच्या बाजूने वर ओढली आणि डाव्या पायाचा अंगठा सावकाश वर गेला. टाचणीने वर वर तपासत गेलो तर बेंबीच्या खाली टोचल्याची जाणीव बोथट होती.

प्रौढ माणसाच्या पायाचा अंगठा असा वर जाणं म्हणजे मेंदूपासून येणारा मार्ग मज्जारज्जूत किंवा त्याच्या वर कुठेतरी दुखावला आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी कितीही सरकली तरी अंगठा वर नेऊ शकत नाही. म्हणजे बिघाड एमआरआयच्या फिल्मच्या वरच्या बाजूला, पाठीत होता.

त्याच संध्याकाळी मिरजेतल्या न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, त्याभोवती पुढे सगळं गावच डॉक्टरांचं झालं, आणि आमच्या भागात अडलेला रुग्ण मिरजेला न्यायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण कण्याचा एमआरआय झाला. सातव्या पाठमणक्यापासून खालच्या टोकापर्यंत मज्जारज्जू सुजलेला, आतून पांढरा दिसत होता. त्याच्या मागच्या अंगाला काळे वळवळते ठिपके, जणू गांडुळं चिकटली आहेत. ते ठिपके म्हणजे फुगलेल्या शिरांमधून जोरात वाहणारं रक्त.

इथे एक निर्णय असा झाला की त्याने आप्पांचे पाय वाचले असं मला वाटतं. पहिल्या वाचनात एका तरुण डॉक्टरने "मज्जारज्जूचा दाह" अशी शंका मांडली आणि रोज एक ग्रॅम स्टिरॉइड पाच दिवस शिरेतून द्यायची तयारी केली. दाह असेल तर हा उपचार बरोबर आहे. न्यूरॉलॉजिस्टनी सलाइन लावण्याआधी मुलाला विचारलं, "याआधी कधी स्टिरॉइड दिलं होतं का, आणि त्यानंतर काय झालं?" मुलाने डिसेंबरातलं इंजेक्शन आणि ती रात्र सांगितली. सलाइन थांबलं. कण्यातून पाणी काढायची तपासणीही थांबली. शंका फिस्टुलाची होती, आणि त्या आजारात स्टिरॉइडनंतर किंवा पाठीतलं पाणी काढल्यानंतर पाय झपाट्याने खचल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आप्पांच्या बाबतीत तो पुरावा चार महिने आमच्यासमोर होता.

मग त्यांनी डिसेंबरातली कमरेची जुनी फिल्म मागवली. ती आप्पांच्या कपाटात, बँकेच्या पासबुकाखाली होती. फिल्मच्या अगदी वरच्या कडेला मज्जारज्जूचं टोक दिसत होतं. ते पांढरं होतं, आणि मागे दोन-तीन काळे ठिपके होते. रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक शब्द नव्हता. मी ती फिल्म त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात धरली.

हा आजार नेमका काय

याचं नाव स्पायनल ड्युरल आर्टिरिओव्हेनस फिस्टुला. मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाचं जाड आवरण असतं. नसेचं मूळ त्या आवरणातून बाहेर पडतं तिथे एक बारीक धमनी आणि एक शीर यांचा थेट जोड तयार होतो. मधली केशवाहिन्यांची जाळी वगळून धमनीचं दाबाचं रक्त सरळ शिरेत घुसतं, आणि ती शीर उलटी वाहत मज्जारज्जूच्या पृष्ठभागावरच्या शिरांमध्ये ते ओतते.

आप्पांना मी हे त्यांच्या भाषेत सांगितलं, खरं म्हणजे त्यांनीच मला सांगितलं. मी शिरा, दाब, सूज असं काहीतरी बोलत होतो. ते मध्येच म्हणाले, "म्हंजी निचऱ्याच्या चरीत कुणीतरी मोटारीचं पाणी सोडलंय." अगदी तेच. चर भरून वाहायला लागली की शेतातलं पाणी निघत नाही. कृष्णाकाठची कितीतरी जमीन अशीच पाण्याने मेली, क्षारपड झाली. तिथे पीक पाण्यावाचून जळलं नाही, निचरा तुंबून मुळं गुदमरली. मज्जारज्जूचंही तसंच होतं. त्यात रक्तस्राव होत नाही, धमनी बंद पडत नाही. शिरांमधला दाब वाढल्याने रक्त पुढे सरकत नाही, पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि सूज चढत जाते. चालल्यावर, श्रमावर दाब आणखी वाढतो, म्हणून पाय भरतात. बसल्यावर थोडा उतरतो.

त्यातूनच आणखी एक गोष्ट कळते. जोड कण्यात कुठेही असला तरी तुंबारा साधारण सगळ्यात खालच्या टोकापासून सुरू होतो. त्यामुळे त्रास कुठे आहे यावरून जोड कुठे आहे हे ओळखता येत नाही.

कण्यातल्या रक्तवाहिन्यांच्या विकृतींपैकी सुमारे ७० टक्के याच प्रकारच्या असतात. पुरुषांमध्ये स्त्रियांच्या पाचपट, बहुधा पन्नाशी-साठीत. फ्रान्समध्ये फॉय आणि अलाजुआनिन यांनी १९२६ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, पण दोष मज्जारज्जूत नसून आवरणातल्या जोडात आहे हे केंडल आणि लोग यांनी १९७७ मध्ये दाखवलं. तोवर पाठ उघडून फुगलेल्या शिरा सोलून काढल्या जात, म्हणजे चर बुजवली जायची आणि मोटार चालूच राहायची.

दहा लाख लोकांत वर्षाला ५ ते १० नवे रुग्ण असा अंदाज दिला जातो. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २८ लाखांच्या वर होती. म्हणजे जिल्ह्यात दरवर्षी चौदा ते अठ्ठावीस माणसांना हा आजार होत असणार. बावीस वर्षांत मी एक ओळखला. बाकीचे कोणत्या लेबलाखाली, कुठल्या ओसरीवर बसून आहेत, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

समोरचे पर्याय

मिरजेत रक्तवाहिन्यांचा एमआरआय करून जोड डाव्या बाजूला, आठव्या पाठमणक्याच्या आसपास असावा असा अंदाज आला. खात्रीसाठी कण्याची अँजिओग्राफी हवी होती आणि ती व उपचार एकाच ठिकाणी व्हावेत म्हणून पुण्याला जायचं ठरलं. मुलगी तिथे होती, राहण्याची सोय होती.

निघण्याआधी माझ्या दवाखान्यात बैठक झाली. आप्पा, काकू (आप्पांच्या पत्नी), मुलगा, आणि फोनवर मुलगी व पुण्याचे इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिऑलॉजिस्ट, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करणारे डॉक्टर. चार पर्याय बोलले गेले.

काहीच न करणं. मुलाच्या मनात हे नव्हतं, काकूंच्या होतं. "आता बोट धरून चालतायत, उगा त्यात हात घालून तेवढंबी गेलं तर?" हा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर १९७४ मधल्या अमिनॉफ आणि लोग यांच्या निरीक्षणात आहे: उपचार न झालेल्या रुग्णांपैकी पाय अशक्त होऊ लागल्यापासून तीन वर्षांत साधारण निम्मे गंभीर अपंग झाले. आप्पांचा वेग तर त्याहून जास्त होता.

ऑपरेशन. मणक्याच्या मागचं हाड थोडं काढून, आवरण उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली ती शीर जिथे आत शिरते तिथे बंद करायची. यशाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर, पुन्हा उद्भवण्याची शक्यता फार थोडी. जखम, भूल, मधुमेहात संसर्गाची भीती, काही दिवस अंथरुणावर.

नळीतून ग्लू. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन जोडात वैद्यकीय ग्लू भरायचा. टाका नाही, हाड कापणं नाही, आणि अँजिओग्राफीच्याच भुलीत उपचार होऊ शकतो. पण यशाचं प्रमाण ऑपरेशनपेक्षा कमी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात ऑपरेशनचं यश ९८ टक्के आणि ग्लूचं ४६ टक्के होतं. त्यानंतर साहित्य आणि नळ्या सुधारल्या, आकडे ७० च्या पुढे गेले, तरी अंतर आहेच.

चौथा पर्याय खरं तर एक अट होती. मज्जारज्जूच्या पुढच्या भागाला रक्त देणारी एक मोठी धमनी असते, अॅडमकिविझची. ती बहुधा डाव्या बाजूला, नवव्या ते बाराव्या पाठमणक्यांच्या दरम्यान निघते. फिस्टुलाला रक्त देणाऱ्या धमनीतूनच ती किंवा मज्जारज्जूची दुसरी फांदी निघत असेल तर ग्लू वापरायचाच नाही, कारण एक थेंब तिकडे गेला तर दोन्ही पाय कायमचे जातील. तेव्हा सरळ ऑपरेशन.

मुलाला काप नको होता. आप्पांना "एकदाच काय ते" हवं होतं. दोघांच्या मधून पुण्याच्या डॉक्टरांनी वाट काढली आणि ती मला आजही या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. त्यांनी उपचाराआधीच तीन वाक्यं लिहून घेतली. धमनी वेगळी असेल आणि नळी जोडाजवळ पोचली तरच ग्लू. ग्लू शिरेच्या तोंडापर्यंत गेला नाही तर तो उपचार झाला नाही असं धरायचं, "बघू महिनाभर" म्हणायचं नाही. तसं झालं तर त्याच आठवड्यात ऑपरेशन.

दुसऱ्या वाक्याचं महत्त्व आप्पांच्याच चरीच्या उदाहरणाने पटतं. मोटारीची पाईप मागे कुठेतरी दाबली तर दोन दिवस चर कोरडी दिसते. मग शेजारची पाईप वाट काढते आणि चर पुन्हा भरते. पाईप चरीत जिथे उघडते ते तोंड बंद झालं पाहिजे. ग्लू धमनीतच थांबला तर रुग्णाला पहिले काही आठवडे बरं वाटतं आणि सगळे निर्धास्त होतात, मग महिन्या-दोन महिन्यांत शेजारच्या धमन्या जोडाला रक्त द्यायला लागतात.

पैशांचं थोडक्यात: सरकारी आरोग्य योजनेतून काय बसतं याची आरोग्यमित्राकडे चौकशी झाली, उरलेल्यासाठी कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा भाव नसताना विकला. या सगळ्यात बारा दिवस गेले. ते बारा दिवस जास्त होते.

पुण्यातला दिवस

ही प्रक्रिया पूर्ण भुलीत झाली, कारण प्रत्येक चित्र घेताना श्वास काही सेकंद थांबवावा लागतो. छाती हलली तर केसाएवढी वाहिनी दिसत नाही. कण्याची पूर्ण अँजिओग्राफी म्हणजे बरगड्यांच्या आणि कमरेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या एकेक करून तपासणं, लागेल तसं मानेच्या आणि ओटीपोटाच्याही. एकूण तिसाहून जास्त. प्रत्येकीत थोडं रंगद्रव्य. आप्पांचं क्रिएटिनिन १.३ होतं, त्यामुळे मूत्रपिंडाची काळजी होती. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद ठेवली, आधी सलाइन दिलं. मिरजेच्या एमआरआयने डावा आठवा मणका सुचवला होता, म्हणून तिथून सुरुवात झाली.

डाव्या आठव्या धमनीत रंगद्रव्य सोडताच जोड दिसला, आणि तिथून नागमोडी शीर वर-खाली भरत गेली. मग अॅडमकिविझची धमनी शोधली. ती डाव्या दहाव्यातून निघत होती. आठवीशी तिचा संबंध नव्हता, सातव्या आणि नवव्यातूनही मज्जारज्जूकडे फांदी नव्हती. पहिली अट पुरी झाली.

एक मिलीमीटरहून बारीक नळी आठव्या धमनीतून जोडाच्या जवळ नेली. हा ग्लू रक्ताचा किंवा मिठाच्या पाण्याचा स्पर्श झाला की घट्ट होतो, म्हणून नळी आधी ग्लुकोजच्या पाण्याने धुवावी लागते. तो एक्स-रेत दिसावा आणि थोडा सावकाश घट्ट व्हावा म्हणून त्यात आयोडीनयुक्त तेल मिसळतात. हे तेल खसखशीच्या तेलापासून बनतं. किती तेल घालायचं हा त्या माणसाच्या हातातल्या अनुभवाचा भाग. कमी घातलं तर ग्लू धमनीतच थिजतो. जास्त घातलं तर शिरेत लांब वाहत जातो, निचऱ्याच्या शिराच बंद करतो, आणि पाय आणखी जातात.

प्रत्यक्ष ग्लू सोडायला मिनिटही लागला नाही. पडद्यावर काळी रेघ जोडातून पुढे सरकली, शिरेच्या सुरुवातीला साधारण एक सेंटीमीटर भरली, आणि नळी झटक्यात मागे घेतली, नाहीतर तीच चिकटून बसते. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या सातव्या, आठव्या, नवव्या धमन्या पुन्हा तपासल्या. शेजारची कोणतीही पाईप चरीत उघडत नव्हती. दुसरी अटही पुरी झाली. मुलाचा मला फोन आला तेव्हा तो फक्त "डॉक्टर, तोंड बंद झालं," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचे पाय एकदम जड झाले. काकूंना वाटलं, आपण म्हणत होतो तेच झालं. पुन्हा एमआरआय केला. इतके दिवस दाबाने वाहणाऱ्या, फुगलेल्या शिरांमधला प्रवाह अचानक मंदावला की त्यात रक्त गोठू शकतं, आणि निचरा थोड्या काळासाठी आणखी बिघडतो. हे होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सुरू केलं. चार दिवसांत पाय आधीच्या जागी आले. आधी सांगितलेलं नसतं तर मुलगा त्या सकाळी वडिलांना उचलून दुसरीकडे घेऊन गेला असता, हे त्याने मला नंतर कबूल केलं.

पुढचं वर्ष

जोड बंद होणं म्हणजे आजार थांबणं. गेलेलं परत येतंच असं नाही. साधारणपणे निम्म्याहून जास्त रुग्णांचं चालणं सुधारतं, लघवीचं त्या मानाने कमी जणांचं. उपचाराच्या वेळी माणूस किती चालत होता, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

घरी आल्यावर मुलाने अंगणात जुन्या मांडवाच्या लोखंडी अँगलचे दोन समांतर कठडे उभे केले. सकाळ-संध्याकाळ आप्पा त्यांना धरून चालायचे. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायचा, बाकी दिवस नातू मोजायला. काकूंना मी दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या होत्या: अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या हाताने बघायचं आणि रोज रात्री दोन्ही तळपाय, टाचा, माकडहाड बॅटरीने बघायचं. तरी जुलैत गरम पाण्याच्या पिशवीने उजव्या पोटरीला फोड आलाच. कंबर शेकताना पिशवी घसरली आणि त्यांना कळलं नाही. तो भरायला सहा आठवडे लागले.

लघवीसाठी दिवसातून तीनदा स्वतः स्वच्छ नळी घालायला शिकवलं. हे शिकवताना मला अवघड गेलं, त्यांना गेलं नाही. त्याच वेळी मी पहिल्यांदा विचारलं की वैवाहिक संबंधांत काही फरक पडला होता का. आप्पा म्हणाले, "ते तर दसऱ्याच्याबी आधी गेलं हुतं. तुम्ही इचारलं न्हाई, मी बोललो न्हाई." म्हणजे आजार पायांच्याही आधी सुरू झाला होता.

तीन महिन्यांनी एमआरआयमध्ये सूज बरीच उतरली होती, काळे ठिपके गेले होते. सहा महिन्यांनी अँजिओग्राफी पुन्हा केली, जोड बंदच होता. अमिनॉफ-लोग मोजपट्टीवर चालण्याचे गुण ० ते ५ असतात, ५ म्हणजे उभंही राहता येत नाही. उपचाराआधी आप्पा ४ वर होते, वर्षभराने ३ वर. म्हणजे दोन माणसांच्या किंवा वॉकरच्या आधाराऐवजी एक काठी. नळी आता फक्त रात्री झोपण्यापूर्वी. बद्धकोष्ठता तशीच आहे.

काय वेगळं करता आलं असतं

ऑक्टोबरात पायजमा काढून, हातोडी आणि किल्ली वापरून तपासणी व्हायला हवी होती. तिला पाच मिनिटं लागतात. अंगठा त्या दिवशी वर गेला असता का, हे सांगता येणार नाही. पण डिसेंबरात तरी गेला असता, आणि इंजेक्शन टळलं असतं.

दोन्ही पाय अशक्त होत असतील आणि लघवी किंवा शौचाची तक्रार जोडीला असेल, तर फक्त कमरेचा एमआरआय मागवणं पुरेसं नाही. आता मी चिठ्ठीवर "पाठ आणि कंबर, मज्जारज्जूच्या टोकासह" असं लिहून देतो आणि फिल्म स्वतः वरच्या कडेपासून बघतो. रेडिऑलॉजिस्टला फोन करून नेमकी शंका सांगतो. "कंबरदुखी" एवढंच लिहून पाठवलं तर तो गादीच शोधणार, त्याचा दोष नाही.

स्टिरॉइडनंतर पाय खचले तेव्हा तो इशारा होता. आम्ही तो इंजेक्शनच्या खात्यावर लिहून मोकळे झालो.

ग्लू आधी की ऑपरेशन आधी, यावर माझं मत पूर्ण बनलेलं नाही. आप्पांच्या बाबतीत शरीररचना सोयीची निघाली आणि हात अनुभवी होते. अॅडमकिविझची धमनी दोन मणके वर असती तर ही गोष्ट वेगळी लिहावी लागली असती. ज्या ठिकाणी हे काम वर्षातून एखाद्या वेळी होतं, तिथे मी माझ्या रुग्णाला सरळ ऑपरेशनचा सल्ला देईन. निदान झाल्यावरचे बारा दिवस मात्र कोणत्याही हिशोबात बसत नाहीत. त्या काळात आप्पांचे पाय आणखी खचले. मुलीच्या घरी आधी जाऊन, पैशांची जुळवाजुळव मागून करता आली असती. हे मी तेव्हा ठामपणे सांगायला हवं होतं.

या ऑक्टोबर छाटणीला मी बागेत गेलो होतो. आप्पा बांधावर खुर्ची टाकून बसले होते आणि मजुरांना काडीवरचे डोळे मोजून दाखवत होते. पायात पट्ट्याची सँडल होती. मी विचारलं, आता निसटली तर कळते का? त्यांनी डाव्या पायाचा पट्टा सोडला, पाय हलवून सँडल पाडली, आणि म्हणाले, "डाव्याची कळती. उजव्याची अजून न्हाई."